अनद्यतन भविष्य

वर्तमानपत्र वाचणे ही खोड आहे की व्यसन आहे, ह्याचा निकाल आमच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत लागलेला नाही. सौभाग्यवतींचे मत व्यसनाच्या बाजूचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, कालची थाप आज सकाळी पैसे मोजून विकत घ्यावयाची आणि महिनाअखेर ती किलोच्या भावाने रद्दीवाल्यास घालावयाची, ह्यास शहाणे लोक व्यवहार म्हणत नाहीत. मला हे म्हणणे पटते. परंतु पटलेली गोष्ट आचरणात आणणे जसे मंत्र्यांस साधत नाही, तसे ते मजसारख्या पेन्शनर मास्तरासही साधत नाही. सकाळची संध्या आटोपली की पाय आपोआप एस. टी. च्या थांब्याकडे वळतात, आणि पेपर हातात पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

१८ सप्टेंबर २०२५ च्या अंकात बीडच्या रेल्वेची बातमी होती. आदल्या दिवशी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार ह्यांनी बीडच्या नव्या स्थानकात निशाण दाखविले आणि अहिल्यानगराकडे पहिली गाडी सुटली. ती बातमी वाचताना माझे डोळे ओलावले, हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही. आमचे दिंद्रुड बीड-परळीच्या वाटेवर, तेलगाव ओलांडल्यावर आणि सिरसाळा येण्याच्या आधी. ह्या वाटेने रेल्वे जाणार, असे ऐकत आमच्या गावात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तेव्हा निदान बीडपर्यंत तरी ती आली, ह्याचा आनंद खोटा नव्हता. मी चष्मा पुसून बातमी पुन्हा वाचली. आणि मग, उभा जन्म मुलांची त्रैराशिके तपासण्यात गेल्यामुळे, हात पेन्सिलीकडे गेला.

हिशेब सोपा आहे. सातवीच्या मुलाससुद्धा येईल. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. बीडपर्यंतचे अंतर सुमारे १६७ किलोमीटर. म्हणजे तीस वर्षांत १६७. वर्षास साडेपाच किलोमीटरांहून किंचित अधिक. दिवसास पंधरा मीटर. पंधरा मीटर म्हणजे आमच्या ओसरीपासून परसातल्या विहिरीपर्यंतचे अंतर. सौभाग्यवती रोज पाण्याची घागर घेऊन तेवढे अंतर वीस वेळा चालत, आणि त्याबद्दल त्यांचा कधी कोणी सत्कार केला नाही. राहिलेले ९४ किलोमीटर ह्याच चालीने गेले तर आणखी सतरा वर्षे लागतील. मी तेव्हा ऐंशी ओलांडलेली असेल. पंचांगातले संवत्सरफल जसे आपण श्रद्धेने ऐकतो आणि मग विसरतो, तसेच हे उत्तरही वाचकांनी ऐकून विसरावे. कारण बीडच्या पुढचे काम झपाट्याने होईल असे आश्वासन आहे, आणि आश्वासनावर अविश्वास दाखविणे नागरिकास शोभत नाही.

पैशाची बाजू तर ह्याहून मनोरंजक आहे. मंजुरीच्या वेळी साऱ्या मार्गाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. पुढे तो २,८२६ कोटी झाला, आणि त्यानंतर ४,८०५ कोटी. किलोमीटरास एक कोटी पस्तीस लाखांच्या ठिकाणी अठरा कोटींहून अधिक! रूळ जागच्या जागी थांबले. अंदाजपत्रक मात्र धावत राहिले. खर्चापैकी अर्धा वाटा केंद्राने उचलावा आणि अर्धा राज्याने, अशी वाटणी ठरली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण ज्याने केली त्याने रेल्वे पाहिली नसावी, पण वाटणीचे मर्म त्याला बरोबर उमगले होते. केंद्राकडे विचारावे तर राज्याचा हिस्सा आलेला नाही. राज्याकडे विचारावे तर भूसंपादन चालू आहे. आणि ज्याची जमीन संपादन झाली त्यास विचारावे तर तो मोबदल्यासाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेला.

ह्या तीस वर्षांत दिल्लीस सहा पंतप्रधान झाले. मुंबईस मनोहर जोशींपासून मोजले तर नऊ जणांनी मुख्यमंत्रिपद भोगले. पंजा आला, कमळ आले, धनुष्यबाण आला, घड्याळ आले. पुढे धनुष्याचे दोन तुकडे झाले आणि घड्याळाचेही. तेव्हा दोष अमक्या पक्षाचा असे म्हणून तमक्या पक्षाच्या लोकांनी हा लेख वाचून आनंद मानू नये. सर्वांनी एकजुटीने केलेले हे काम आहे. एरवी ज्यांचे एकमेकांशी एका वाक्यावर जमत नाही, त्यांचे ह्या एका बाबतीत तीस वर्षे एकमत राहिले.

आमच्या जिल्ह्यास पुढारी नव्हते म्हणून असे झाले, असेही कोणी समजू नये. केशरकाकू क्षीरसागरांनी ह्या मार्गाचा पाठपुरावा केला. मार्ग मंजूर झाला त्या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री गोपीनाथराव मुंडे परळीचे. प्रमोद महाजन अंबाजोगाईचे. ते दिल्लीत मंत्री झाले. शेजारच्या लातूरचे विलासराव दोनदा मुख्यमंत्री झाले, नांदेडचे अशोकराव चव्हाण झाले. २०१४ साली गोपीनाथराव केंद्रात मंत्री झाले तेव्हा आमच्या थांब्यावर पेढे वाटले गेले, की आता रूळ आलेच; आणि आठ-नऊ दिवसांत, ३ जून रोजी, त्यांच्या अपघाती मृत्यूची बातमी आली. त्या दिवशी गावात चूल पेटली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ही गोष्ट विनोदात घालण्याची नव्हे, म्हणून येथेच सोडतो.

कोणी म्हणेल, मास्तर, रेल्वे बांधणे म्हणजे फळ्यावर रेघ ओढणे नव्हे. कबूल. परंतु बोरघाटाचे काम १८५६ साली हाती घेतले गेले आणि १८६३ साली त्यावरून गाडी गेली. सुरुंगाची दारू, पहारी आणि माणसांचे हात एवढीच सामग्री होती. त्यात हजारो मजूर मेले, हेही मी विसरत नाही, आणि परकी सरकारचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. म्हणून स्वराज्यातलेच उदाहरण घ्यावे. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. पुढे सह्याद्री, खाली दऱ्या, वरून कोकणचा पाऊस. नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे दोन हजार पूल. सुमारे ७४० किलोमीटरचा तो मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा खुला झाला. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि श्रीधरन ह्यांची नावे कोकणी माणूस अजून घेतो. आमच्या बालाघाटाच्या टेकड्या सह्याद्रीपुढे लेकुरवाळ्या. तरी त्या आठ वर्षांत इकडे काय झाले म्हणाल, तर मार्ग मंजूर झाला. मंजुरी ही गोष्ट आमच्याकडे सावकाश आणि पुष्कळ दिवस होत असते.

उलट, नाव बदलणे हे काम किती चटकन होते पाहा. ज्या अहमदनगराहून हे रूळ निघाले ते बीडला पोहोचेपर्यंत नगराचे अहिल्यानगर झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. मला दोन्ही नावे मनापासून आवडतात, माझी तक्रार नाही. न्यायशास्त्रात सूचीकटाहन्याय म्हणून एक न्याय आहे. लोहाराकडे एकाने सुई सांगितली, दुसऱ्याने कढई. तर लोहार सुई आधी करून देतो, कारण ती लवकर होते. सरकारही तसेच करते. फरक इतकाच की, लोहार सुईनंतर कढई हाती घेतो.

मी लहानपणी वडिलांजवळ लघुकौमुदी पढलो. दहा लकार पाठ करताना एका ठिकाणी मी नेहमी अडखळत असे. भविष्यकाळासाठी पाणिनीने दोन लकार का द्यावेत? लृट् हा सामान्य भविष्याचा, तो समजला. परंतु लुट् हा अनद्यतन भविष्याचा. म्हणजे जी गोष्ट होईल खरी, पण आज होणार नाही, ती सांगावयाचा! मी वडिलांस विचारले, “ह्याचा व्यवहारात उपयोग काय?” वडील म्हणाले, “मोठा झालास म्हणजे कळेल.” कळले. मंत्र्यांची भाषणे मी आता ह्याच दृष्टीने वाचतो. ‘पाणी येईल’, ‘रेल्वे येईल’, ‘उद्योग येतील’: सर्व लुट्. आणि ‘आम्ही विकास केला’ हा लिट्, परोक्ष भूत. जे बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही तेच त्यात सांगता येते. निवडणुकीचे जाहीरनामे आशीर्लिङात असतात. वर्तमानकाळ सरकारास येतच नाही असे मात्र नाही. करवसुलीच्या नोटिशीत तो शुद्ध उतरतो.

लुट् लकाराचे सर्वांत मोठे प्रयोग संभाजीनगरात झाले आहेत. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी तेथे मंत्रिमंडळाची बैठक भरली आणि मराठवाड्यासाठी सुमारे ४९ हजार कोटींची कामे जाहीर झाली. १६ सप्टेंबर २०२३ रोजी पुन्हा बैठक भरली आणि पुन्हा ४५ हजार कोटींहून अधिक रकमेची जाहीर झाली. पहिल्यांतली किती झाली हे विचारण्यापूर्वीच दुसरी आली; ज्याप्रमाणे जुन्या उधारीची आठवण होऊ नये म्हणून चतुर ऋणको दुकानात शिरताच नवी मागणी करतो. १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाटा देण्याची भाषा होती. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळाची तरतूद आहे. ते मंडळ १९९४ साली झाले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. मुदत संपल्याचे दुःख कोणास झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

मीही एकदा ह्या बाबतीत अर्ज केला होता. कोणत्या कचेरीस, ते सांगत नाही. बीडच्या पुढील काम कोठवर आले, एवढेच नम्रपणे विचारले होते. चार महिन्यांनी उत्तर आले की, आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित म्हणजे कोण हे विचारणारा दुसरा अर्ज मी लिहून ठेवला होता. पण सौभाग्यवतींनी त्या कागदावर पापड वाळत घातले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास बसलो ती सांगतो.

सातवीच्या वर्गास मी निबंध देत असे: ‘रेल्वेस्थानकावरील एक तास’. हा विषय मराठी शाळांतून कोणी पहिल्याने आणला देव जाणे. मुले मार्गदर्शिकेतून पाठ करून लिहीत: हमालांची लगबग, चहावाल्यांच्या आरोळ्या, शिट्टी, गर्दी, निरोपाचे अश्रू. पुष्कळांनी गाडी पाहिलेली नसे. मार्ग मंजूर झाल्याची बातमी आली त्या साली मी वर्गात नकाशा लावून मोठ्या उत्साहाने सांगितले होते की, मुलांनो, आता तेलगावास स्टेशन होईल, आणि तुम्ही पुण्यामुंबईस शिकावयास आगगाडीने जाल. दुसऱ्या वर्षी तोच निबंध दिला. एका मुलाने लिहिले की, मी तेलगावच्या स्टेशनावर एक तास बसलो. तेथे स्टेशन नव्हते. दोन म्हशी चरत होत्या. तासाभराने मी घरी आलो. एवढेच, सहा ओळी. मी त्यास दहापैकी तीन गुण दिले आणि तांबड्या शाईने शेरा मारला, ‘विषयास सोडून’.

२०२५ च्या दिवाळीनंतर तो मला थांब्यावर भेटला. केस पिकू लागलेले. शेजारी पत्र्याची पेटी, पाण्याचा पिंप, गोणपाटात गुंडाळलेले दोन कोयते, आणि त्याची कारभारीण. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या उभ्या होत्या. ऊसतोडीची टोळी निघाली होती. तेलगावास साखर कारखाना आहे, तरी आमच्या भागातली माणसे दूर पश्चिमेकडे जातात. कारण मुकादमाची उचल तिकडची असते, आणि उचल घेतलेला माणूस दिशा निवडीत नाही. मधली चार-पाच वर्षे त्याने कोयता सोडला होता, हे मला ठाऊक होते. मी विचारले, “पुन्हा रे का निघालास?”

“काय करता गुर्जी, सोयाबीन समदं पान्यात गेलं.”

बीडला गाडीने शिट्टी दिली त्याच महिन्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो वाचकांस आठवत असेल. सिंदफणा पात्र सोडून वाहिली, माजलगावच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले, उभी पिके कुजली, कित्येकांची माती वाहून गेली. ऑक्टोबरात सरकारने ३१ हजार ६२८ कोटींची मदत जाहीर केली, आणि दिवाळीपूर्वी पैसे पोहोचतील असे सांगितले. मी तेही त्यास विचारले. तो हसला. त्याच्या नावात आधारकार्डावर एक काना कमी आहे आणि सातबाऱ्यावर एक काना अधिक आहे. त्या कान्याच्या आधारावर त्याचे पैसे अडले होते. शुद्धलेखनाचा आग्रह मी जन्मभर धरला. पण माझ्या तांबड्या शाईने कधी कोणाची दिवाळी हुकली नाही, असे आजवर मला वाटत होते.

मग त्यानेच विषय काढला. “गुर्जी, रेल्वे आली म्हनं बीडला.”

“आली.”

“पुन्याला जाती का?”

“नाही. नगरपर्यंत. तेथून दुसरी धरावयाची.”

“किती येळ लागतो नगरला?”

आरंभीच्या वेळापत्रकात दुपारी एकच्या सुमारास सुटून संध्याकाळी साडेसहाला पोहोचण्याची वेळ मी वाचली होती. म्हणालो, “साडेपाच तास.”

“आन् आपल्यातून बीडपस्तोर?”

“एस. टी. ने.”

तो क्षणभर गप्प राहिला. “मग आमची ट्राली काय वाईट हाय?”

ह्यावर शासनाच्या बाजूने उत्तर सुचेना. निघताना त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “पोरगी म्हातारीजवळ ठिवलीय गुर्जी. सातवीला हाय. जरा ध्यान असू द्या.” टोळीबरोबर पोरे गेली की त्यांची शाळा सुटते, हे तो स्वतःच्या अनुभवावरून जाणत होता. त्याची शाळा आठवीत अशीच सुटली. जो विषयास सोडून लिहितो असे मी ठरविले, तो वर्गातला एकटाच मुलगा खरे लिहीत होता, आणि इतर बत्तीस मुलांस मी पाठ केलेल्या हमालांबद्दल सात-सात गुण दिले, ही गोष्ट त्यास आठवत होती की नाही, हे मला विचारवले नाही. ट्रॉल्या हलल्या. बायका सामानावर बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तान्हे मूल होते.

आमच्या आजोबांनी निजामी अनुभवली. रझाकारांच्या भीतीने बायकापोरांस परमुलखात धाडण्याची पाळी आमच्याही घरावर आली होती. त्यामुळे निजामाबद्दल आमच्या घरात कोणी कधी बरा शब्द काढला नाही, मीही काढणार नाही. तथापि त्याच्या राज्यात विकाराबादेहून बिदर-उदगीराकडून परळीपर्यंत रूळ आले, ही गोष्ट रूळ अजून तेथे असल्यामुळे नाकारता येत नाही. आमचा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, आणि त्याच तिथीला सत्त्याहत्तर वर्षांनी बीडला गाडी आली. मुहूर्त फार चांगला साधला. मध्ये किती संवत्सरे गेली, एवढेच निमंत्रणपत्रिकेत घालावयाचे राहिले.

दोनच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. ती मुलगी संध्याकाळी वही घेऊन ओसरीवर आली. “गुरुजी, निबंध आणायला सांगितलाय.” मी विषय विचारला. तिने वाचून दाखविला: रेल्वेस्थानकावरील एक तास. मी कंदिलाच्या काळापासून हा विषय ऐकतो आहे. दिवे आले, वही बदलली, तो बदलला नाही. सौभाग्यवतींनी तिच्यापुढे लाडू ठेवला. ती पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, “कोणतं स्टेशन लिहू? तेलगावला होणारंय म्हणतात, ते लिहू का?”

मी म्हणालो, “तू पाहिलेले कोणते आहे?”

“परळीचं. वैजनाथाला गेलतो तेव्हा बापूनं दाखवलं. पण गाडी नव्हती. अर्धा तास थांबलो, मग बापू म्हणाला चल.”

“मग तेच लिही.”

“गाडी आली असं लिहू का नाही आली?”

“झाले तसे लिही.”

ती लिहावयास बसली. दीड पान झाले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी पेन खिशातच ठेवले.